पाळीवरचा जास्तीचा वाटा

देसाईगंज, मे २००३

प्रिय राजदीप,

आपला निबंध मागच्या आठवड्यात गेला एकदाचा. मुदत उलटून गेली होती, पण हैदराबादच्या परिषदेत उशिरा हाती आलेल्या निष्कर्षांना वेगळी जागा देतात, हे तूच सांगितलं होतंस. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत वीज गेली, आली, पुन्हा गेली. तुझं नाव मी माझ्या आधी घातलं. घरी येऊन चहा केला, पण सांगायला कोणी नव्हतं. चहा तसाच निवला.

तलावावर तू मासेमारी करणाऱ्या ढिवरांसोबत जाळं ओढायचास. मी आपली तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून कोणाच्या वाट्याला किती मासे येतात ते टिपायची. तू पुण्याला गेलास, तेव्हापासून हजर घरांपेक्षा एक वाटा जास्त पडतो. शेवटच्या बससाठी मी नेहमी लवकर निघते, त्यामुळे तो कोण उचलतं ते कधी पाहिलं नाही. देवाचा असेल, असं ठरवून मी निबंधात तसं लिहूनही टाकलं. एवढी शिकलेली मी, आणि सगळी मांडणी त्याच वाक्यावर उभी!

परवा बस आलीच नाही. तो वाटा ढिवरांच्या इंदिराबाईंनी आपल्या टोपलीत भरला. देवाचा ना, म्हणून विचारलं, तर पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "देव कायले मासे खाईल बाई? राजदीपभाऊचा हाय थो. येतो म्हणून गेला ना? सोता येऊन नाई म्हणत तवरी वाटा टाकाच लागते. मी सुकवून ठेवतो." रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या घरात तुझ्या नावाचं सुक्या माशांचं गाठोडं टांगलेलं आहे. ते पाहून मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं चुलीचा धूर लागला.

निबंध स्वीकारल्याचं काल कळलं. आता हैदराबादला सगळ्यांसमोर ते वाक्य दुरुस्त करावं लागेल. ते मी करीन. पण काल आपल्या कॉलेजच्या अमरने तुझं लग्न ठरल्याचंही सांगितलं. इंदिराबाईंना मी काही बोलले नाही. नाही म्हणायचं ते माणसाने स्वतः येऊन म्हणायचं, अशी त्यांची रीत आहे, आणि मला ती पटली आहे. येतो असं तू मलाही सांगून गेला होतास, म्हणून हे पत्र. पुढचं जाळं पडायच्या आत ये. पाळीवर उभा राहून त्यांना सांग, माझा वाटा टाकू नका. मला ते वेगळं सांगू नकोस. मी तिथेच असेन.

तुझीच, अजून तरी,
संघप्रिया