हरवल्याचा माफीनामा

३ जून
रुग्णालयाच्या सफाईचा ठेकेदार पुन्हा बदलला. बायका त्याच, फडकी तीच, अॅप्रन तेवढे निळ्याचे हिरवे. जुनं ओळखपत्र जमा करा, मग नवं घ्या. आमच्या मजल्यावरच्या मावशींचं यंदाही हरवलं — सातव्या वर्षी सातव्यांदा! माफीनामा नेहमीप्रमाणे मीच, आवक-जावकच्या कारकुनाने, लिहिला. 'माझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे...' वाचणाऱ्याला गहिवर यावा. आवक शिक्का मारून फायलीला लावला.
"मावशी, डोकं तरी जागेवर आहे ना?"
"ते जमा करून घेत नाहीत अजून, भाऊसाहेब."

११ जून
तेहतीसही जणी कागदावर 'नवीन भरती'. पगार पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून युनियन काढलीय. अध्यक्ष कोण, तर मावशी. हसलो. जिला गळ्यातलं ओळखपत्र सांभाळता येत नाही, ती तेहतीस बायका सांभाळणार!

२० जून
कामगार अधिकाऱ्यांसमोर सुनावणी. मी रुग्णालयातर्फे, मख्ख चेहऱ्याने. ठेकेदाराचा वकील म्हणाला, "या आधी इथे होत्या, याला पुरावा काय?"
मावशींनी पिशवीतून डबा काढला. सात ठेकेदारांची सात ओळखपत्रं! चेहरा एकच, केस पांढरे होत गेलेले.
"बनावट आहेत."
"मग हरवल्याचे माफीनामे बघा. ऑफिसात आहेत, शिक्क्यासकट. या भाऊसाहेबांनीच लिहिलेत."
सगळ्या माना माझ्याकडे. सात वर्षं वेंधळी म्हणून जिची टिंगल केली, तिने माझ्याच हातून पुरावा लिहून घेतला. असा डाव मला सात जन्मांत सुचला नसता.
अधिकारी म्हणाले, फाइल पंचवीस तारखेला आणा.

२१ जून
मोठ्या साहेबांनी चहा पाजला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. "ती फाइल वाळवीने खाल्ली असेल, नाही का? तुमच्या नोकरीचंही बघायला हवं."
कपाट लोखंडी आहे.

२४ जून
बायकोला सांगितलं. म्हणाली, "जन्मभर लोकांना नावं ठेवलीत. एकदा कुणाच्या उपयोगी पडा."

२५ जून
फाइल दिली. देताना कागद हातातून सांडले, ते मावशींनी पाहिलं. हसल्या नाहीत. मी हसलो असतो.

१४ जुलै
निकाल. मावशींची सात वर्षं धरली. बाकीच्या बत्तीस जणींच्या जुन्या हजेऱ्या मागवल्यात.

१ ऑगस्ट
आवक-जावक विभाग आजपासून ठेक्यावर. नवं ओळखपत्र मिळालं — मी, नवीन भरती. जुनं जमा करा म्हणाले.
हरवलं, म्हटलं.
माफीनामा मावशींनी सांगितला, मी लिहून घेतला.