न फुटलेली टाकी

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा स्टो दुरुस्ती, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासले आहे. माझ्यावर दडपण कोणाचे नाही. भीती आहे.

१. राहती खोली, खालचे दुकान आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला मिळावी. ती माझ्याशी बावीस वर्षे बोललेली नाही. तिचा राग खोटा नाही, फक्त चुकीच्या माणसावर आहे.

२. हत्यारे भंगारवाल्याला द्यावीत. मोठा पाना समोरच्या सायकलवाल्याकडे आहे. 'उद्या देतो' म्हणाला त्याला नऊ वर्षे झाली. राहू दे त्याच्याकडे, पण ते बक्षीस समजू नये.

३. पुतणी चार वर्षांची असताना तिची आई भाजून गेली. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "दादा, तू दुरुस्त केलेल्या स्टोची टाकी फुटली." स्टो बघू म्हटले, तर म्हणे नदीत फेकला. सख्खा भाऊ, विश्वास ठेवला. टाकीच्या सांध्याला मी दिलेली झाळ कच्ची राहिली असेल, असे पोलिसांना मीच लिहून दिले. त्या कागदावर प्रकरण मिटले.

गेल्या महिन्यात भंगारवाल्याने एक काजळलेला स्टो आणला. "मास्तर, तुमच्या भावाच्या माळ्यावर निघाला." बिडाच्या कड्याचा एक पाय तुटला होता. बीड म्हणजे ओतीव लोखंड, एकदम तापवले की तडकते, म्हणून हळूहळू तापवून पितळेने सांधला. मग टाकी घासली. बुडाशी माझी खूण निघाली, तीन ठिपके. नवा वॉशर घालून हवा भरली, टाकी पाण्यात बुडवली. एक बुडबुडा आला नाही. माझ्या झाळेशिवाय दुसरी झाळ तिच्यावर कुठेही नाही. म्हणजे टाकी कधी फुटलीच नव्हती.

हा स्टो पुतणीला द्यावा, आणि हा कागद पोलिसांना. स्टो आजपासून डॉक्टरीणबाईंच्या कपाटात कुलपात आहे.

४. धाकट्या भावाला काहीही देऊ नये. स्टो माझ्याकडे आल्याचे कळताच तो आला.

"दादा, परत दे. तिची आठवण आहे."

"नदीतून वर कशी आली आठवण?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "एकटा राहतोस. जपून राहा."

५. माझा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर होतो. घरात रॉकेलचा थेंब नव्हता. काल दुपारी भाऊ पाच लिटरचा भरलेला कॅन जिन्याच्या पायरीवर ठेवून गेला. मी मागितला नव्हता. म्हणाला, "रविवारी येतो. दोघं मिळून पेटवून बघू."

मी भाजून गेलो, तर अपघात म्हणून नोंद करू नये.

ठिकाण: डॉक्टरीणबाईंची तपासणीची खोली
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०१४

सही: स्टोवाले मास्तर
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही)
२. भंगारवाला (डाव्या हाताचा अंगठा)