एकवीस थेंबांचं पाणी

रविवार, २ तारीख. दुपार

आधी आली ती खालची शिवणवाली. बोलावलं कुणी नव्हतं. जिन्यातून चौघं जण काचेचं कपाट वर नेताना दिसले म्हणे, म्हातारीनं या वयात काय घेतलं ते बघायला आली. तिच्या पाठोपाठ नात, उड्या मारत. मग मुलगा नि सूनबाई, घामाघूम.

कपाट कसलं, टाकी आहे! सूनबाईची. खाऱ्या पाण्याची. आत दोन मासे, बाकी सगळं पोवळं. मला वाटायचं पोवळं म्हणजे अंगठीतला खडा. हे तर जिवंत, बोटं हलवतं! त्यांच्या नव्या घरमालकाला टाकी चालत नाही, म्हणून मीच म्हटलं, ठेवा माझ्याकडे. मुलानं विचारलं, जमेल का. म्हटलं, तुला वाढवलं, त्याहून अवघड आहे का?

दर दुसऱ्या रविवारी बघायला येणार म्हणाले. गेल्या अख्ख्या वर्षात तीनदा आले होते. टाकीबाई, तुझे उपकार.

काम सोपं आहे. पोवळ्याला हाडं असतात, म्हणून पाण्यात कॅल्शियम लागतं. सकाळी एक नंबरच्या बाटलीतलं टोपणभर, संध्याकाळी दोन नंबरच्या. दोन्ही एकदम कधीच नाही, असं सूनबाईनं तीनदा सांगितलं. मी काय बहिरी आहे? आठवड्यातून एकदा तपासायचं. नळीत टाकीचं पाणी घेऊन पूड टाकली की गुलाबी होतं, मग औषधाचे थेंब मोजत टाकायचे. एकविसाव्या थेंबाला निळं झालं की उत्तम.

बुधवार, ५

संध्याकाळची बाटली दोनदा राहिली. चूक माझी नाही. शिवणवाली येते आणि उठतच नाही. तिच्या नणंदेचं सगळं ऐकून घ्यावं लागतं, नाही तर राग येतो तिला.

निश्चय : उद्यापासून दोन्ही टोपणं सकाळीच, एकदम. मीसुद्धा माझ्या गोळ्या एकदमच गिळते. पोटात गेल्यावर सगळं एकच.

गुरुवार, ६. सकाळ

पाणी दुधासारखं पांढरं झालं! दूध म्हणजे कॅल्शियम, हे चौथी नापास बाईलाही कळतं. सूनबाईला इतकी वर्षं हे सुचलं नाही.

शनिवार, ८

तपासलं. अठराव्या थेंबालाच निळं! तीन थेंब वाचले. पाणी हुशार होत चाललंय.

बुधवार, १२

काचेवर पांढरा थर. खरवडला. आतली मोटर घरघरते, शिवणवालीच्या मशीनसारखी. ती म्हणाली, तेल घाल. नाही घातलं. तेवढी अक्कल आहे मला.

सूनबाईचा फोन. आकडा विचारला. म्हटलं, आकडा कसला विचारतेस, उत्तम आहे. माशाचा फोटो पाठवला. पोवळ्याचा राहिला.

हल्ली जिवाला चैन नाही. दर तासाला उठून टाकीपाशी जाते. आजपासून दोन-दोन टोपणं.

शनिवार, १५

पंधराच थेंब! पोवळं बुडापासून उजळलंय, कसं गोरंपान दिसतंय. बोटं मात्र हलवत नाही. दमलं असेल. उद्या सगळे येतायत. चादरी बदलल्या, नातीची उशी उन्हात टाकली.

रविवार, १६. संध्याकाळ

आले. नात थेट टाकीकडे धावली. मी मोठ्या तोऱ्यात पंधरा थेंबांचं सांगितलं.

सूनबाईनं नळी घेतली. तिनं स्वतः मोजलं. पंधराच. मग म्हणाली, आई, एक थेंब म्हणजे वीस. एकवीस थेंब म्हणजे चारशे वीस. थेंब कमी, तेवढं कॅल्शियम कमी. दोन्ही औषधं एकदम घातली की त्यांचा चुना होतो नि काचेवर, मोटरवर बसतो. पोवळ्याला काहीच मिळत नाही.

आणि तो गोरेपणा? कातडी गेलेली. खालचं हाड दिसत होतं.

कोपरापर्यंत हात घालून तिनं ते उचललं. सहा वर्षांपूर्वी नखाएवढा तुकडा आणला होता म्हणे. ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलगा पंख्याकडे बघत बसला. नातीनं विचारलं, आजी, तुला मोजता येत नाही का? म्हटलं, येतं की, हजारपर्यंत येतं.

वरचं अर्धं अजून जिवंत आहे. ते डब्यात घालून घेऊन गेले. मासे इथेच आहेत, टाकी नेईपर्यंत. शोभेच्या माशांचा दुकानवाला ठेवून घेणार आहे टाकी, त्यांच्याच गावातला. म्हणजे बघायला त्यांना लांब पडायचं नाही. चांगलंच झालं.

उशी आत आणली.

जाताना मी नुसतं विचारलं, न्यायला कोण कोण येणार? मुलगा म्हणाला, चौघं तरी लागतील. म्हणजे तो आहे, सूनबाई आहे. नातीला एकटीला घरी कुठे ठेवतील, आणतीलच. जिना अरुंद आहे, टाकी उतरवायला वेळ लागेल. घाई करू नका म्हणून सांगणार आहे.

शनिवारी येतो म्हणालेत. सकाळी दहाला.