घरच्यांसाठी वेगळं काढलेलं

दि. ४ मार्च

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

सातवा लागला तरी तुझं वजन वाढत नाही म्हणे! नवरोबा स्वयंपाक करतात की प्रयोग? सोबत मऊ चीज पाठवतेय. माझ्या चीजच्या दुकानातलं नव्हे हं. गिऱ्हाइकांसाठी दूध तापवूनच घ्यावं लागतं, नियम आहे. पण घरच्यांसाठी मी कच्च्या दुधाचं वेगळं काढते, आईची रीत. लपवून खा, नवऱ्याला काय त्याची चव!

तुझीच,
ताई

दि. १० एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मुलगी झाली ग, जवळजवळ दोन महिने आधीच. मला नुसता ताप होता, तो मी अंगावर काढला. बाळाच्या रक्तात लिस्टेरिया नावाचा जंतू सापडलाय. काचेच्या पेटीत आहे, मूठभर जीव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जंतू फ्रिजच्या गारठ्यातही वाढतो. धडधाकट माणसाला फारसं काही होत नाही, पण आईच्या खाण्यातून तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, आणि तान्ह्यांच्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जिवावर बेततं. फ्रिजमधलं सगळं तपासायला नेलंय, तुझं चीजसुद्धा. तू मनाला लावून घेऊ नकोस, त्यातून नसेलच.

तुझी,
धाकटी

दि. २१ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही. तपासनीस येऊन गेले. दुकानाच्या मालात काही नाही. सापडलं ते फक्त तुझ्या तुकड्यात. परक्यांसाठी दूध तापवलं आणि तुझ्यासाठी नाही. कसली मेली माया ही! कच्च्या दुधाचं भांडं मी आजच मोडीत दिलं. तुझ्या दारात यायला तोंड नाही मला. बाळ कसं आहे, एवढं एका ओळीत कळव.

अभागी,
ताई

दि. ९ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चिमणी काल घरी आली. या आजारात कानही जाऊ शकतात म्हणे; ऐकू येतं की नाही, ते पुढच्या तपासणीत कळेल. टाळी वाजवली की मी तिच्या डोळ्यांकडे बघत बसते.

ताई, एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. कच्च्या दुधाचं काही खाऊ नका, असं नर्सबाईंनी मला पाचव्या महिन्यातच बजावलं होतं. बाहेरचं मी कटाक्षाने टाळलं. तुझं म्हणजे बाहेरचं थोडंच, म्हणून खाल्लं. राग येतो ग, तुझाही आणि माझाही. रात्री रडूही येतं. पण तुझ्याशिवाय हे सांगू कुणाला?

तू ये. येताना डबा नको, पिशवी नको, काही नको. रिकाम्या हातांनी ये, तिला घ्यायचंय तुला.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी