उलट्या तोफेचा रणगाडा

अण्णा, तुमच्या रणगाड्याची तोफ उलटी होती. हे मला परवा कळलं, अणदूरला, एका परक्या माणसाच्या ओसरीवर, हातात चहाची कपबशी असताना. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात, आणि तुम्ही मागं ठेवून गेलेली ही गोष्ट आत्ता येऊन माझ्या पुढ्यात बसली. आईला सांगितलं तर तिनं मला आणखी एक धक्का दिला. ते पुढं सांगते. आधी सगळं क्रमानं लिहू द्या, म्हणजे माझं मलाही कळेल.

आपल्या येरमाळ्याच्या शाळेत गावातल्या फौजींचा फलक लागणार आहे. मुख्याध्यापकांचा फोन आला. तुमचं नाव आहे, नावापुढं ‘रणगाडा चालक’ असं लिहिणार आहेत, आणि तुमच्या हॉटेलच्या गल्ल्यावर असायचा तो प्लास्टिकचा रणगाडा खाली काचेच्या पेटीत ठेवायचाय, शिवाय मी चार शब्द बोलायचे. मला इतका आनंद झाला की मी शिवणाच्या क्लासमधल्या सगळ्या मुलींना पेढे वाटले. रस्ता रुंद करताना हॉटेल गेलं, तेव्हा तो रणगाडा मी धाराशिवला माझ्या घरी आणून शोकेसमध्ये ठेवला होता. पुसायला म्हणून उचलला तर भाजलेल्या पापडासारखा हातात चुरा झाला. म्हणून मोबाइलवरून नवा मागवला, सगळ्यांत स्वस्तातला, कारण तुमचे सगळे स्वस्तातलेच असायचे.

दरवर्षी चैत्रात येडेश्वरी देवीच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचायचा विधी आटोपला की तुम्ही मला खेळण्यांच्या पालांकडं न्यायचात. बाकीच्या पोरींना बांगड्या आणि मला रणगाड्याचं खोकं. खोक्यावर आगीचे लोळ, धुरळा, त्यातून उसळी मारणारा रणगाडा, आणि आत साबणाच्या वडीसारखं मऊ हिरवं प्लास्टिक. दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं की हॉटेलच्या मागच्या बाकड्यावर आपण दोघं बसतो. तुम्ही खांद्यावरचा पंचा पसरता, त्यावर तुकडे मांडता. एकही भोक खुंटीच्या मापाचं नाही. चाकं लांबट, लिंबासारखी. रबरी पट्टा बोटभर आखूड, ओढून बसवला की तटकन तुटणारा. चिकटवायच्या नळीतलं औषध वाळून दगड झालेलं. मग तुम्ही मला शेजारच्या पंक्चरवाल्याकडं पिटाळता, मी कागदाच्या कपट्यावर सुलोशन घेऊन येते, तुम्ही भट्टीत सुई तापवून भोकं मोठी करता आणि म्हणता, “सरकारी मालासारखं हाय, ठोकल्याबिगर बसत न्हाय.” दिवाळी येईपर्यंत भट्टीच्या धगीनं तोफेनं मान टाकलेली असायची. पुढच्या चैत्रात नवं खोकं. शेवटचा तेवढा टिकला, कारण तो घेतला त्याच वर्षी तुम्ही गेलात आणि भट्टी थंड झाली.

एसटीचे ड्रायव्हर, ट्रकवाले चहा पिता पिता त्या रणगाड्याकडं बोट करायचे, आणि तुम्ही वरणाच्या पातेल्यात पळी फिरवत एकाहत्तरची लढाई सांगायला लागायचात. कसा वाळूत रणगाडा रुतला, कसा तुम्ही तो काढला. अख्खं गाव तुम्हाला फौजी म्हणायचं. मी पाचवीत असेन. खोक्यावरच्या चित्रात दिवे आणि तोफ एकाच बाजूला होते, आणि तुम्ही जोडलेल्या रणगाड्यात दिवे इकडं, तोफ पार पाठीमागं. सुलोशन ओलं होतं तेवढ्यात मी वरचा घुमट फिरवून तोफ पुढं केली. तुम्ही ते बघितलं आणि माझ्या हातातून रणगाडा हिसकावून घेतलात. कधी नव्हे तो तुमचा आवाज चढला. “तुला काय कळतंय? तू हुतीस का तिथं?” माझे डोळे भरले तेव्हा तुम्ही नरम झालात आणि मला जवळ घेऊन सांगितलंत, “अगं, आपुन पळतोय आसं दाखवायचं. शत्रू मागं लागला की तोफ मागंच हाय. गनिमी कावा म्हणत्यात ह्येला.” दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात उभं राहून सांगितलं. गुरुजींनी मान डोलावली. आपल्याकडं गनिमी कावा म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

तर परवा मी नवं खोकं उघडलं. काळ बदलला, माल तोच. घुमटाच्या कडांना पापुद्रे सुटलेले, ते मी दोरा तोडायच्या कात्रीनं काढले. एक चाक आलंच नव्हतं, तिथं शर्टाचं बटण बसवलं. चिकटवायच्या चित्रांमध्ये भलत्याच देशाचा झेंडा. सोबतच्या कागदावरची अक्षरं चिनी, पण आकृत्या स्वच्छ होत्या, आणि प्रत्येक आकृतीत तोफ पुढं. मला हसू आलं. म्हटलं, एवढा टाकाऊ माल, तिथं आकृतीसुद्धा चुकीची छापणारच. तरी मनात आलं, शाळेत पाहुण्यांसमोर फजिती नको. कार्यक्रमाला अणदूरचे एक जुने रणगाडा चालक पाहुणे म्हणून येणार होते. जाणत्या माणसाला आधीच विचारून घेतलेलं बरं, म्हणून चपलेच्या खोक्यात तो रणगाडा घेतला आणि एसटीनं गेले.

म्हातारबाबा ओसरीवरच बसले होते. “मोठ्यानं बोल बाळ,” म्हणाले, “येक कान मी टँकातच ठिवून आलोय.” मी रणगाडा त्यांच्या हातात दिला. तुमच्यासारखीच तोफ मागं करून नेली होती. त्यांनी एका बोटानं ती गर्रकन पुढं फिरवली. “आशी असती. फुडं.” मी मोठ्या तोऱ्यात त्यांना गनिमी कावा समजावून सांगितला. अण्णा, ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, सूनबाई पाणी घेऊन धावली. “आरं द्येवा,” ते डोळे पुसत म्हणाले, “कुणी सांगितलं तुला ह्ये?” मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, ते स्वतः रणगाडा चालवत होते, येरमाळ्याचे. तुमची पलटणही सांगितली. त्यांचं हसू थांबलं. “येरमाळ्याचा? उंच, डाव्या भिवईवर खूण?” मी मान हलवली. “आरं, तो आमच्यातलाच की. पन टँकावर न्हाय बाळ. तो लंगरला हुता. आमचा सैपाक करायचा.”

मी कपबशी खाली ठेवली. मी त्यांच्याशी भांडले, अण्णा. दुसरा कुणी असेल म्हटलं. तुम्हाला नीट ऐकू आलेलं नाही, असंही त्या वडीलधाऱ्या माणसाला बोलले. ते रागावले नाहीत. “वरणाच्या फोडणीत खोबऱ्याचा तुकडा भाजून टाकायचा,” ते म्हणाले, “तसं वरण मी पुन्यांदा कुठं खाल्लं न्हाय.” तेच वरण खाऊन मी वाढले. माझ्या घरात आजही तसंच होतं.

मग तोफ मागं का, एवढंच मला विचारता आलं. म्हातारबाबांनी तोफ हळूच पुन्हा मागं फिरवली आणि रणगाडा माझ्या चपलेच्या खोक्याच्या झाकणावर ठेवला. “लढाईला निघालो तवा टँक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवले. चढवला की तोफ मागं फिरवायची, मागच्या कडीत आडकवायची, साखळीनं आवळायची. लंगरचा डबा आमच्या पाठीच. दारात बसून कांदं चिरत त्यानं त्येच बघितलं आसंल. उतरल्यावर आमी फुडं गेलो, तो मागंच ऱ्हायला.” मग म्हणाले, “परत आलो तवा त्यानं समद्यांचं जेवान करून ठिवलं हुतं. आमी कमी भरलो. पातेलं तसंच ऱ्हायलं. तो पळी हातात घिऊन बसला, उठंचना.” एवढं बोलून ते सूनबाईला म्हणाले, हिला जेवूनच जाऊ दे.

मी न जेवता निघाले. एसटीत खिडकीशी बसून मला एकेक गोष्ट आठवायला लागली. घरात माणसं तीन आणि तुम्ही शिजवलेलं वरण पातेलंभर. आई दर खेपेला म्हणायची, “आज पलटण येनार हाय व्हय जेवायला?” आणि तुम्ही नुसतं हसायचात. हॉटेल बंद करायच्या वेळी पातेल्यात वरण उरलं की तुम्ही रस्त्यावर जाऊन ट्रक थांबवायचात, अनोळखी माणसांना हाताला धरून आणून फुकट जेवू घालायचात, आणि पातेलं रिकामं झाल्याशिवाय फळी लावत नसायचात. मला वाटायचं, माझे वडील दिलदार आहेत. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघत राहिले रणगाड्याकडं.

घरी आले तेव्हा आई कोथिंबीर निवडत होती. मी तिला एका दमात सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. “मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “लगीन झाल्यावर आठ दिसांत म्या आजारी पडले, तवा त्येंनी भाकरी केल्या. टँक चालवनाऱ्याच्या भाकरी आशा फुगत्यात व्हय?” लग्न जुळवताना मध्यस्थानं तिच्या वडिलांना ठोकून दिलं होतं की पोरगं टँकवर आहे. फौजेत जाऊन भांडी घासणाऱ्याला पोरगी देणार नाही, असं ते आधीच्या एका स्थळाला तोंडावर बोलले होते. म्हणजे खोटं मुळात तुमचं नव्हतंच, तुम्हाला ते आंदण मिळालं. “मग तू एवढ्या वर्षांत बोलली का नाहीस?” मी विचारलं. आई म्हणाली, “काय बोलायचं? त्येंनी सांगितलं न्हाय, म्या इचारलं न्हाय. येवढ्यावर संसार झाला की.” आणि ती कोथिंबीर घेऊन उठून गेली.

अण्णा, मला तुमचा राग आला आहे. ‘तू हुतीस का तिथं’ म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडलात. तुम्ही तरी होतात का तिथं? वाळूत रुतलेला रणगाडा काढलात म्हणे. मी त्या गोष्टीवर पोसले. शाळेत कुणी चिडवलं की ‘माझे वडील रणगाडा चालवायचे’ एवढं म्हटलं की माझी मान ताठ व्हायची. आता ती ताठ मान कुणाची समजू? काल दिवसभर मी त्या हिरव्या प्लास्टिककडं बघितलंसुद्धा नाही. मात्र एक गोष्ट मनातून जाईना. तुम्ही लोकांना हवं ते सांगितलंत, पण हातानं रणगाडा जोडायची वेळ आली की दर वर्षी, प्रत्येक खोक्याच्या चित्राविरुद्ध जाऊन, तुम्ही स्वतः बघितला होता तसाच जोडलात. तेवढं तुम्ही मला बदलू दिलं नाहीत.

आज दुपारी मी रणगाडा पुरा केला. तोफ मागंच ठेवून पक्की चिकटवली. मग ज्या खोक्यातून तो आला त्याचाच पुठ्ठा कापून एक उघडी वाघीण केली, तिला बटणांची चाकं लावली, त्यावर रणगाडा ठेवला आणि जीनच्या जाड दोऱ्यानं चारही बाजूंनी आवळला. मागं आणखी एक डबा केला. त्याला एक दार ठेवलं आहे. दारात काही ठेवलं नाही, माणूस करायला मला जमलं नसतं. आईनं लांबूनच बघितलं आणि विचारलं, “दार उघडंच ठिवनार?” मी हो म्हटलं.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. रंगारी शेवटची अक्षरं काढायला बसला होता. “रणगाडा चालक, बरोबर ना बाई?” मी म्हटलं, नाही, स्वयंपाकी लिहा. ते म्हणाले, “बाई, फलकावर ते बरं दिसंल का? बाकी सगळे लढणारे आहेत.” मी म्हटलं, तसंच लिहा, आणि पाहुण्यांना विचारा, ते सांगतील. उद्या सकाळी कार्यक्रम आहे. बोलायला उभी राहिले की काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, बहुतेक वरणाचं बोलेन. हे कागद तर कुठल्याच पत्त्यावर जायचे नाहीत. घडी घालून मशीनच्या खणात ठेवते.

आणि अण्णा, एक सांगायचं राहिलं. फोन ठेवल्या ठेवल्या मला लाज वाटली. माझे वडील स्वयंपाकी होते, याची. क्षणभरच, पण अशी वाटली की फोन पुन्हा उचलून ‘चालकच राहू द्या’ म्हणायला हात पुढं गेला होता. तुम्हाला ती आयुष्यभर कशी वाटली असेल, ते मला तेव्हा कळलं.