सांबऱ्याच्या माळावरचा गुरू

१० जानेवारी, शनिवार

तो गुरू नव्हता. विमान होतं!

लिहिलं एकदाचं. आल्यापासनं गोधडी पांघरून बसलेय. सौरव विचारतोय, "थंडी बाधली काय गं?" व्हय म्हटलं. नवऱ्याला आणि काय सांगू?

आज गुरू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, म्हणून आमच्या आकाशदर्शन मंडळाचा कार्यक्रम. नेहमी येळ्ळूरच्या गडाकडं जमतो. तिकडं या आठवड्यात कुणाच्यातरी लग्नाचे झगझगीत दिवे, म्हणून शामूअण्णांनी लेकीच्या, मंगलच्या, सासरचा सांबऱ्यातला माळ मिळवून दिला. मंडळाच्या प्रमुख डॉ. समता म्हणाल्या होत्या — विमानतळाच्या इतक्या जवळ लेसर न्यायचाच नाही. मीच हट्ट केला. लेसरशिवाय लोकांना तारा दाखवायचा कसा? बोटानं? "हाच काय मॅडम? का त्यो?" करण्यातच संध्याकाळ संपते.

लेसरला आम्ही काठी म्हणतो. काठी धरणारा पुढचं आभाळ बघतो, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून राखणदार मागचं बघतो. विमान दिसलं की "खाली!" म्हणून ओरडायचं, काठी बंद. राखणीला बहुतेक शामूअण्णाच. येळ्ळूरचे, रिटायर झालेले, अंगात कायम तो तपकिरी स्वेटर. पाठमोरं उभं राहून त्यांना एक तारा धड दिसत नाही, पण कधी कुरकुर नाही. काठी घरीही तेच नेतात — धरणाऱ्यानं घरी न्यायची नाही, असा नियम. नियम माझाच. मास्तरीण ना मी!

सातला पूर्वेकडं धुरकट होतं. गुरू असायला पाहिजे त्या अंगाला एक ठळक दिवा. लुकलुकत नव्हता. ग्रह लुकलुकत नाहीत, हे मी सातवीच्या पोरांना दरवर्षी घोकून घेते. झालं! लावली काठी. "हा बघा गुरू!" लोक आ वासून बघायला लागले. मला आणखी चढलं. "अण्णा, वळा की जरा! सगळ्यांनी बघितलं, तुम्हीच न्हाई!" अण्णा वळले, टोपी मागं सारली. "लई देखणा हाय गं," म्हणाले. मी काठी तशीच त्याच्यावर धरून बोलत राहिले — त्याचे चंद्र, त्याचे पट्टे, उद्याही याच वेळेला याच जागी दिसेल ते. लई रंगात आलते.

मग लोक शनी बघायला दुर्बिणीकडं वळले. मी काठी अण्णांच्या हातात दिली आणि सहज मागं बघितलं. गुरू मोठा झालता. त्याच्या पोटातनं एक लाल दिवा निघाला. मग हिरवा. मग आवाज. डोक्यावरनं विमान गेलं, धावपट्टीकडं. कुणी मानसुद्धा वर केली नाही, सांबऱ्यात विमान म्हणजे रोजचंच. थोड्या वेळानं खरा गुरू धुरातनं वर आला, वीतभर डावीकडं. दुर्बिणीतनं सगळ्यांनी तोच बघितला आणि खूश होऊन घरी गेले.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्याच आलं.

११ जानेवारी, रविवार

विमान उतरलं ना? म्हणजे पायलट बरा असणार. पेपरात काही नाही.

समताताईंना फोन लावला. वाजायच्या आत कट केला. ग्रुपवर फोटोंचा पाऊस — "पूर्णिमा मॅडमनी काय सुंदर गुरू दाखवला!" त्याच्याखाली मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कमाल आहे बाई तुझी!

सातच्या सुमाराला सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. डास येतात म्हटलं. सौरव म्हणाला, "थंडीत कसलं डास?"

उद्या सांगते सगळ्यांना. नक्की.

१२ जानेवारी, सोमवार

समताताई डोळ्यांच्या डॉक्टर. राहतात निपाणीला, दर शुक्रवारी इथं बेळगावात दवाखाना. मधल्या सुट्टीत त्यांना फोन केला. शाळेत धडा घ्यायचाय असं खोटंच सांगून विचारलं — लेसर लांबून विमानावर पडला तर काय होतं?

त्या म्हणाल्या, "अगं, लांब जाईल तसा तो पसरतो. तुला इथनं रेघ दिसते, पण त्यांची अख्खी काच हिरवी होऊन जाते. अंधाराला सरावलेला डोळा, बाहुली पूर्ण उघडी. डोळा जात नाही बहुतेक, पण थोडा वेळ काही म्हणजे काही दिसत नाही. आणि ते नेमकं उतरताना! म्हणून तर गुन्हा आहे तो. जेल होऊ शकते. पोरांना हे ठासून सांग हां."

सांगते म्हटलं.

१३ जानेवारी

नाही सांगितलं. कुणालाच.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

पेपरात आलं. आतल्या पानावर, चार ओळी. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानावर जमिनीवरून हिरवा प्रकाशझोत. पायलटचे डोळे दिपले. विमान सुखरूप. पोलीस शोध घेत आहेत.

तो पेपर घडी करून तांदळाच्या डब्याखाली घातला. दिवसभर शेजारणी येत होत्या. तीळगूळ घ्या, गोड बोला! बोलले. हसले पण. एकीनं विचारलं, "डोळं सुजल्यात काय गं तुझं?"

डोळे दिपले — त्याचे. कोण असेल? कितीचा असेल? घरी गेल्यावर बायकोला सांगितलं असेल का त्यानं? का माझ्यासारखाच गप्प बसला असेल?

१५ जानेवारी, गुरुवार

पोलीस सांबऱ्यात मंगलच्या सासरी जाऊन आले. तिथल्या घरच्यांनी अण्णांचं नाव सांगितलं. तिथनं जीप थेट येळ्ळूरला. अण्णांनी कपाटातनं काठी काढून दिली म्हणे, आणि म्हणाले, "व्हय, मीच धरली हुती."

मीच धरली होती! माळावर पन्नास माणसं असतील, सगळ्यांनी बघितलंय कुणाच्या हातात होती ते. आणि हा माणूस...

जेवले नाही. सौरवला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. आता रोज एक नवीन दुखणं काढते मी.

१६ जानेवारी, शुक्रवार

समताताईंच्या दवाखान्यात आम्ही सहा-सात जण जमलो. बातमी वाचून सगळ्यांनी ताडलंच होतं, त्या दिवशी काठी कुणाच्या हातात होती ते. पेशंट गेल्यावर शटर अर्धं ओढलं. मला वाटलं, आता सगळे माझ्यावर तुटून पडणार. बरं झालं असतं. पण सगळे मला धीरच द्यायला लागले! चहा काय, पाणी काय!

समताताई म्हणाल्या, "अण्णांनी स्वतःहून घेतलंय अंगावर. वय बघून समज देऊन सोडतील त्यांना. तुझं नाव आलं तर तुझी नोकरी जाईल, पूर्णिमा. पोरं शिकायची आहेत तुझी."

मागनं कुणीतरी म्हणालं, "तसं बघाय गेलं तर राखण त्यांचीच की. विमान बघायचं काम त्यांचं."

तेव्हा उठून म्हणायला पाहिजे होतं — मागचं आभाळ त्यांचं, पुढचं माझं. विमान माझ्या आभाळातनं आलं. तोंड उघडलं, आणि काय म्हणाले? "साखर जरा जास्त झालीय चहात." शाबास, पूर्णिमाबाई!

१८ जानेवारी, रविवार

वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, आणि तो होता.

सांबऱ्याच्या बाजूला, पूर्वेला. ठळक, पांढरा, जागच्या जागी. मला माहीत होतं, विमानच आहे. पण हलेना! मग समजलं — जी वस्तू सरळ आपल्याकडंच येते ती हलताना दिसतच नाही. नुसती मोठी होत जाते. कपडे तिथंच टाकून खाली आले. सौरव ओरडला, "भूत बघितल्यागत काय करतीस?"

भूतच ते. डोळे मिटले की एक काच दिसते, सगळी हिरवी. काचेमागं एक माणूस. त्याला टोपी आहे, हात आहेत, तोंडाच्या जागी नुसता उजेड. तो हातानं चाचपतोय. गेले दोन-तीन दिवस वर्गात फळ्याकडं पाठ केली की वाटतं, मागं कुणीतरी तसंच चाचपत उभा आहे. पोरं हसायची थांबली की गर्रकन वळून बघते.

सकाळची बस हिंडलग्याच्या जेलवरनं जाते. इतकी वर्षं जाते, कधी मान वळवून बघितलं नव्हतं. आता त्या भिंतीकडंच बघत बसते. अण्णांचा स्वेटर आत घेऊ देतील का, असलं काहीतरी डोक्यात येतं.

२० जानेवारी, मंगळवार

अण्णांना फोन केला. धीर करून. अक्काताईंनी, त्यांच्या बायकोनं, उचलला. "थांब गं, देते," एवढंच बोलल्या. आवाज बसलेला.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही कशाला घेतलं अंगावर?"

तर म्हणाले, "पोरी, तू मनाला लावून घिऊ नगो. तुझा काय संबंध? माझ्या हातानं झालंय, मी निस्तरीन."

तुझा काय संबंध! फोन ठेवून मोरीत जाऊन रडले. नळ सोडून. अशी माणसं असतात? सख्खा बाप करणार नाही इतकं. आणि मी त्यांच्या आडोशाला बसून सातवीचे पेपर तपासते!

ठरलं. उद्या नाही, परवा नाही, आजच सौरवला सांगते.

२१ जानेवारी, बुधवार

सांगितलं काल. सगळं. सौरव आधी हसला, मग घाबरला, मग चिडला. "यडी हाईस काय गं? म्हाताऱ्यानं स्वतः कबूल केलंय, तू कशाला मधी तडफडतीस?"

मी म्हटलं, त्या विमानातल्या माणसाला दिसायचं बंद झालं ते माझ्यामुळं. मला रोज तो दिसतो. आता अण्णा पण दिसायला लागलेत. तू दोघांना घरात ठेवून घेशील का?

पेपरातल्या त्या चार ओळी मागून घेऊन वाचल्या. मग म्हणाला, "मी येतो संगट."

बरा आहे तसा.

२२ जानेवारी, गुरुवार

शाळेतनं अर्धी रजा टाकली. पोलीस स्टेशनात हवालदार यल्लाप्पा म्हणून होते. "बर्री मॅडम, कुंद्री," म्हणून खुर्ची दिली. साहेब कन्नडच, पण मराठी चांगलं बोलतात. मी घरनं पाठ करून गेलते तसं घडाघडा सांगितलं. काठी माझ्या हातात होती. पुढचं आभाळ मी बघायचं होतं. तारा समजून मी विमानावर लेसर धरला. शामूअण्णा पाठमोरे होते. गुन्हा माझा आहे, त्यांचा नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कधी म्हणालात?"

"शनिवारी. दहा तारखेला. तिथं कार्यक्रमच होता आमचा."

"कंप्लेंट संडेची हाय, मॅडम. अकरा तारीख. त्येच रोजचं सातचं विमान."

मी वाद घालायला लागले! पोलिसांशी! म्हटलं, चुकतंय तुमचं, नीट बघा, शनिवारच. हवालदार तोंडावर हात धरून हसले. गुन्हा पदरात पाडून घ्यायला भांडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार.

साहेब म्हणाले, "शनिवारच्या पायलटनं कायबी तक्रार केलेली नाय. तुमचा उजेड त्याला लागला का नाय, मला म्हाईत नाय. म्हातारा पण संडेच सांगतोय की. लेकीकडं हुरडा खायाला आलता, तिथल्याच माळावर बायकोला तारा दाखवला म्हणतोय. विमानाला लेसर मारतोय आणि म्हणतोय तारा!"

बाहेर आलो. सौरवनं कपाळाचा घाम पुसला. "सुटलीस की गं! चल, चहा घेऊ." त्याचा चेहरा इतका उजळलेला, मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

अकरा तारखेला, रविवारी, सातला मी खिडक्या लावून बसले होते. माहीत होतं मला. आदल्या रात्रीपासनं माहीत होतं! एक फोन केला असता — अण्णा, काल मी चुकले, ते विमान होतं — एवढंच. मी उद्या सांगते म्हणून झोपले.

आणि आम्ही सगळे शहाणे त्यांना थोर ठरवत बसलो. ते बिचारे पहिल्या दिवसापासनं खरं तेच सांगत होते.

२३ जानेवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर येळ्ळूरला गेले. एकटीच. अण्णा आणि अक्काताई सोप्यात बसलेले, पुढ्यात निवडायला घेतलेली तूर. मी काही बोलायच्या आतच अण्णा म्हणाले, "बरं झालं आलीस. चार दिस डोक्याचा भुगा झालाय बघ. तूच म्हणालीस न्हवं, उद्याबी ह्याच वक्ताला, ह्याच जागंला दिसंल म्हणून? आमच्या हिनं जल्मात कधी बघितला न्हवता. म्हटलं, दावूया. पोलीस म्हणत्यात इमानाला लागला. आता तूच सांग पोरी, मी तर गुरूला धरली हुती काठी — तू दावल्यालाच की! मग त्यात इमान कुठनं आलं?"

अक्काताई पण तूर निवडायची थांबून माझ्याकडं बघत होत्या.