डुकरांच्या रगतापायी अडलेली सुपारी

मार्गासनी, ता. वेल्हे
५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणास आजीचा आशीर्वाद.

मोबाईलवर बोलाया लागले की तुजी आई शेजारी येऊन बसती, म्हणून कागुद. हितं रानडुकरांनी पेरलेला भुईमूग उकरून खाल्ला, आन तू तिकडं जपानात तपासाया त्यांचंच रगत काढून बाटल्या भरतीस. आपल्या घराला डुकरांनीच धरलंय.

आता कामाचं. कामथडीची फुलाबाई, सोमनाथची आई, सुपारी फोडायची न्हाई म्हणती. जितं अणुभट्टी फुटली तितं पोरगी दोन वर्सं ऱ्हायली, तिची पोरं वाकडीतिकडी निपजतील, असं तिच्या डोक्यात कुणीतरी भरलंय. तवा खरं लिव. दोन तोंडाची डुकरं हायत का? तुला कायी झालंय का? आन सोमनाथ पायजेच हाय, का उगं मान हलवलीस?

रागावलीस तरी चालंल, पर उत्तर धाड.
तुजी आजी सगुणाबाई


फुकुशिमा
२० फेब्रुवारी २०२५

ती. आजीस शि. सा. न.

दोन तोंडांचं डुक्कर एकही भेटलं नाही. भेटलं असतं तर मी पेपरात आले असते. भट्टी फुटल्यावर माणसं गावं सोडून गेली, पाळीव डुकरिणी सुटल्या आणि त्यांनी रानडुकरांशी संसार थाटले. रक्तात दिसतो तो हाच संकर, आणि तोही पिढीगणिक विरत चाललाय. किरणांनी बिघडलेलं आम्हाला अजून तरी काही सापडलं नाही.

कामावर असताना छातीला किरणं मोजणारा मापक असतो. माझा दोन वर्षांचा आकडा मर्यादेच्या खूप खाली आहे. तरी ‘पुढं काहीच होणार नाही’ असं मी लिहून देऊ शकत नाही. सोमनाथ मला हवाय, आजी. पण खोटं लिहून नको.

डुकरांवर काढायचा राग माझ्यावर काढू नकोस.
तुझी प्रेरणा


मार्गासनी
१५ मार्च २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

तुजा कागुद घिऊन एस्टीनं कामथडी गाठली. सोमनाथला म्हणलं, समद्यांफुडं मोठ्यानं वाच. ‘लिहून देऊ शकत नाही’ आलं आन फुलाबाई म्हणली, बगा, पोरगी सोताच सांगती.

त्यांच्यात तीन पिढ्या मामाचीच पोरगी करत्यात. फुलाबाई पण तशीच आलेली. म्या तिचा हात धरून सहावं बोट वर केलं, सोमनाथचं पण दावलं. इचारलं, कामथडीत कंची भट्टी फुटली व्हती? तूच लिवून दे, नातवाला पाचच येतील म्हणून. मला सात पोरं झाली, चार जगली. मला कुणी लिवून दिलं न्हवतं.

माणसं हसली. फुलाबाईनं हात पदरात घातला. मला वाईट वाटलं, पर लई न्हाई.

सोमनाथ म्हणला, लगीन करीन तर तिच्याशीच. फुलाबाई उठून आत गेली. मला वाटलं, मोडलं. तर बया सुपारी घिऊन आली. म्हणली, पोरगीनं समदं ग्वाड ग्वाड लिवलं आस्तं तर म्या इस्वास ठिवला नसता.

लगीन मे मधी. आल्या आल्या तिच्या पाया पड, चारचौघात तिचा हात उघडा केलाय म्या. मी न्हाई पडायची.

हाय तशीच ऱ्हा.
तुजी आजी सगुणाबाई